कवडसा पकडणारी आना

(मोठ्या गटासाठी पाठ. लहान गटातल्या मुलांना आई-बाबांनी किंवा आजी-आजोबांनी वाचून दाखवावा. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.)

मुलांनो,

मराठीत उजेडासाठी किती शब्द आहेत ते पाहा. ऊन, उजेड, प्रकाश, तिरीप, झळाळी, संधिप्रकाश, चांदणे. ह्या यादीत आणखी एक शब्द आहे आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नवा असेल. तो शब्द म्हणजे कवडसा. कौलाच्या फटीतून, झरोक्यातून किंवा खिडकीतून जे ऊन घरात येते आणि जमिनीवर नाहीतर भिंतीवर तुकडा होऊन पडते, तो कवडसा. बाहेरचे सगळे ऊन म्हणजे कवडसा नव्हे. घरात शिरलेले, जरा वेळ थांबणारे आणि मग सरकत सरकत निघून जाणारे ऊन म्हणजे कवडसा.

आजचा पाठ एका चित्रकर्तीविषयी आहे. तिने जवळजवळ पन्नास वर्षे ह्या कवडशाचा पाठलाग केला. तिला मराठीचा एक शब्दही ठाऊक नव्हता. ती डेन्मार्कमधल्या समुद्रकाठच्या एका गावात जन्मली आणि त्याच गावात वारली. तिचे नाव आना आंकर.

एक अडचण आधीच सांगते. आपले हे वार्तापत्र झेरॉक्स होऊन तुमच्या हातात येते. झेरॉक्सच्या यंत्राला निळा काय आणि पिवळा काय, सगळे करडेच. आनाचे चित्र त्यात घातले तर तिच्यावर अन्याय होईल. म्हणून मी चित्रे शब्दांत सांगणार आहे. मी इंजिनिअर आहे, दिवसभर संगणकापुढे बसणारी, चित्रकलेतली तज्ज्ञ नव्हे. पाठ वाचून झाला की घरी रंगीत चित्रे शोधून बघा आणि माझ्या वर्णनात काय राहून गेले ते वर्गात येऊन सांगा.

गाव

नकाशात डेन्मार्क शोधा. जर्मनीच्या वर, उत्तरेकडे बोट दाखवावे तसा जमिनीचा एक तुकडा समुद्रात गेलेला दिसेल. त्याला जटलंड म्हणतात. त्या बोटाच्या अगदी नखावर हे गाव आहे. नावाचे स्पेलिंग वाचून आपण त्याला 'स्कागेन' म्हणू, पण तिथले लोक मधला 'ग' गिळून टाकतात आणि 'स्केयन' असे काहीसे म्हणतात. आपली नावे शाळेत कशी उच्चारली जातात हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा आपण तरी तिथल्या लोकांसारखे स्केयन म्हणू या.

गावाच्या टोकाला दोन समुद्र भेटतात. एका बाजूला स्कागेराक, दुसऱ्या बाजूला कॅटेगाट. वाळूच्या टोकावर उभे राहिले की एक पाय एका समुद्रात आणि दुसरा पाय दुसऱ्या समुद्रात ठेवता येतो. पोहायला मात्र मनाई आहे, कारण दोन्हीकडचे प्रवाह तिथे एकमेकांवर आदळतात.

आज तिथे उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड असते. दीडशे वर्षांपूर्वी हे गरीब कोळ्यांचे गाव होते. आगगाडी नव्हती, ती १८९० साली आली. बंदरही नव्हते, ते १९०७ साली झाले. तोवर होड्या पुळणीवरूनच पाण्यात ढकलायच्या आणि परत आल्या की ओढून वर घ्यायच्या. वाळू इतकी उडायची की गावाबाहेरचे जुने चर्च तिच्यात बुडत गेले. लोक दार मोकळे करण्यासाठी वाळू उपसायचे. शेवटी १७९५ साली त्यांनी तो नाद सोडला. त्या चर्चचा पांढरा मनोरा अजून वाळूतून वर डोकावतो.

पाहुणे चित्रकार

अशा आडगावात चित्रकार का गेले? त्याला दोन-तीन कारणे होती. पहिले कारण ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. १८४१ साली जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने रंग भरायची धातूची नळी तयार केली. आपली टूथपेस्टची नळी असते ना, तशी. त्याआधी तेलरंग घरी घोटावे लागत आणि लवकर वाळत. नळी आल्यावर रंग खिशात घालून कुठेही जाता येऊ लागले. दुसरे कारण असे की तरुण चित्रकारांना शहरातल्या बंद खोल्यांमध्ये पुतळे बघून चित्रे काढण्याचा कंटाळा आला होता. त्यांना खरी माणसे आणि खरे ऊन हवे होते. तिसरे कारण पैशाचे. आडगावात राहणे-खाणे स्वस्त.

युरोपात त्या काळी समुद्रकाठच्या बऱ्याच गावांत चित्रकारांच्या अशा वसाहती झाल्या. स्केयनला मिकाएल आंकर हा तरुण चित्रकार १८७४ साली आला. नॉर्वेचा क्रिस्टियान क्रोग १८७९ साली आला आणि पेडर सेव्हरिन क्रॉयर १८८२ साली. क्रॉयर त्या वेळीच नावाजलेला होता. उन्हाळ्यात स्केयनची संध्याकाळ फार लांबते. सूर्य मावळला तरी उजेड जायला तयार नसतो आणि समुद्र, वाळू, आकाश सगळे एकाच निळ्या रंगाचे होऊन जाते. क्रॉयरने तो निळा रंग अशा काही हाताने रंगवला की लोक स्केयनला त्याच्या चित्रांवरून ओळखू लागले.

हे सगळे पाहुणे होते. बहुतेक जण उन्हाळा आला की यायचे आणि थंडी पडू लागली की परतायचे. उतरायचे कुठे? गावातल्या ब्रोंडुम कुटुंबाच्या खानावळीत. तिथेच जेवण, तिथेच गप्पा, तिथेच भांडणे. आणि त्या खानावळीत एक मुलगी होती.

खानावळीतली मुलगी

आना ब्रोंडुम १८ ऑगस्ट १८५९ रोजी जन्मली. तिच्या जन्माची एक गोष्ट स्केयनमध्ये सांगतात. आदल्या दिवशी खानावळीत एक मोठे पाहुणे आले होते, हान्स अँडरसन. 'छोटी जलपरी' लिहिणारे तेच. गदिमांचे बदकाच्या पिलांचे गाणे तुम्ही ऐकले असेल. त्यातली वेड्या कुरूप पिलाची गोष्ट मुळात ह्याच अँडरसनची. तर अँडरसनना भूक लागली होती, जेवायला उशीर झाला आणि ते चिडले. इतक्या मोठ्या माणसाची नाराजी पाहून आनाच्या आईची अशी तारांबळ उडाली की त्याच रात्री आनाचा जन्म झाला! गोष्टीत तिखटमीठ किती आणि खरे किती, ते सोडून देऊ. पण ह्या मुलीच्या घरी लेखक आणि चित्रकार यांची ये-जा होती, एवढे मात्र पक्के.

मिकाएल आला तेव्हा आना पंधरा वर्षांची होती. जेवणघरात चित्रकार बसत, त्यांची ओली चित्रे भिंतीला टेकून उभी असत, आणि ही मुलगी ती पाहत असे. तिलाही चित्र काढायचे होते. पण डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, जी सरकारी कला अकादमी होती तिथे मुलींना प्रवेश नव्हता. अकादमी १७५४ सालची, आणि मुलींसाठी तिची शाळा निघाली १८८८ साली. मधली १३४ वर्षे दार बंद!

आनाच्या आई-वडिलांनी तिला १८७५ पासून तीन हिवाळे कोपनहेगनला पाठवले. व्हिल्हेल्म क्यून नावाचे चित्रकार तिथे मुलींसाठी खासगी वर्ग चालवत. आडगावातल्या खानावळवाल्याने आपल्या मुलीला राजधानीत चित्रकला शिकायला ठेवायचे, तेही त्या काळात! आई-बाबांनो, ह्या माणसांचे नाव कुठे फारसे घेतले जात नाही, पण पाठ देताना मला ती महत्त्वाची वाटली.

१८८० साली आनाचे चित्र प्रथमच कोपनहेगनच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात लागले. त्याच वर्षी मिकाएलशी तिचे लग्न झाले.

रंगाची पेटी

आता गोष्टीतला अवघड भाग. लग्नाच्या वेळी गुरू क्यून यांनी आनाला एक सल्ला दिला असे सांगतात. रंगाची पेटी समुद्रात नेऊन टाक, असा तो सल्ला होता. आता तू कुणाची बायको झालीस, घर सांभाळ, चित्रे पुरे झाली. आणि हे सांगणारा माणूस मुलींना चित्रकला शिकवणारा!

तो दुष्ट होता असे समजू नका. त्या काळी बहुतेकांना असेच वाटे. मुलीने लग्नापर्यंत गाणे शिकावे, चित्र काढावे, मग सोडून द्यावे. आपल्याकडच्या पणजी-आजींना विचारा, त्यांनीही काही ना काही असे सोडलेले असते.

समुद्र तर आनाच्या दारातच होता. पेटी टाकायला लांब जायला नको होते. पण तिने ती टाकली नाही. १८८३ साली तिला मुलगी झाली, हेल्गा. तरी पेटी उघडीच राहिली.

हे तिला कसे जमले? निदान दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे मिकाएलने तिचे काम आपल्या कामासारखेच मानले. १८८३ साली दोघांनी मिळून एक चित्र काढले. त्यात नवरा-बायको दिवसभराचे काम पुढे ठेवून ते पारखत आहेत. दोघांच्या सह्यांचे चित्र, विषयही दोघांचा! दुसरे म्हणजे माहेर हाकेच्या अंतरावर होते. लग्नानंतर ते ब्रोंडुमांच्या बागेतल्या छोट्या घरातच राहिले आणि १८८४ साली जवळच स्वतःचे घर घेतले.

प्रत्येकीला हे जमले नाही. मारी ही क्रॉयरची बायको. तीही चित्रकर्ती होती, पॅरिसला शिकलेली. लग्नानंतर तिचे चित्र काढणे कमी कमी होत गेले. क्रॉयरचे १८९३ सालचे एक फार प्रसिद्ध चित्र आहे. निळी संध्याकाळ, लांबच लांब पुळण आणि हातात हात घालून पाठमोऱ्या चाललेल्या दोन बायका. एक मारी, दुसरी आना. त्या चित्रात दोघी फक्त सुंदर दिसतात. पण आता तुम्हाला माहीत आहे की दोघींनाही रंग हातात धरता येत होते. तो प्रसिद्ध निळा समुद्रकिनारा बघताना हे विसरू नका.

निळ्या खोलीतले ऊन

आता आनाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र बघू या. वर्ष १८९१. नाव 'निळ्या खोलीतले ऊन'. चित्र फार मोठे नाही, साधारण ६५ सेंटिमीटर उंच आणि ५९ सेंटिमीटर रुंद. म्हणजे तुमच्या वर्गातल्या बाकावर सहज मावेल एवढे.

(आई-बाबा वाचत असतील तर इथे डोळे मिटून ऐका.)

ही आनाच्या आईची खोली. भिंत निळी. खुर्चीवर एक लहान मुलगी बसली आहे, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून. ती हेल्गा, आठ वर्षांच्या आसपासची. मान खाली घालून काहीतरी विणते आहे. तिचे कपडेही निळे. खिडकीतून ऊन येते आहे. ते तिच्या केसांवर पडले आहे आणि केस सोन्यासारखे झाले आहेत. तिथून पुढे ते भिंतीवर गेले आहे. भिंतीवर खिडकीच्या तावदानांचे चौकोन पडलेत, आणि त्यांत खिडकीतल्या झाडांच्या सावल्या. बस, एवढेच. कुणी बोलत नाही. काही घडत नाही.

आता नीट बघा. भिंत तर निळी आहे. मग उन्हाच्या चौकोनातली भिंत कोणत्या रंगाची? आपण पटकन म्हणू, पिवळी. पण निळ्या भिंतीवर ऊन पडले की ती पिवळी होत नाही, वेगळीच होते. फिकट, उबदार, थोडी पांढुरकी, थोडी जांभळट. आणि सावली? ती काळी नसते, तीही निळीच, पण गडद. हे रंग आनाने डोळ्यांनी बघून लावले आहेत, डोक्याने ठरवून नाही. शाळेत आपण आकाश निळे, झाड हिरवे, ऊन पिवळे असे ठरवूनच रंगवतो. ती ठरवत नव्हती, बघत होती.

चित्राचा खरा विषय कोण? हेल्गा? तिचा तर चेहराही धड दिसत नाही. खोली? ती साधीच आहे. विषय आहे तो कवडसा. दहा मिनिटांत तो सरकणार, तासाभरात निघून जाणार. आनाने त्याला धरून ठेवला, आणि १८९१ पासून तो त्या भिंतीवर आहे.

थोडे गणित

इंजिनिअर पालकाने पाठ लिहिला म्हणजे गणित येणारच. मोठ्या गटाने पुढचा भाग सोडू नये.

आनाच्या चित्रांत ऊन पुष्कळदा भिंतीवर पडलेले असते. आपल्या आजोळी दुपारचा कवडसा बहुधा जमिनीवर असतो. हा फरक का? ह्याला कारण आहे सूर्याची उंची. विषुववृत्तापासून आपण जितके लांब, तितका सूर्य आकाशात खाली. सूर्य खाली असला की ऊन तिरपे येते आणि खोलीत खोलवर शिरते.

समजा खिडकी दक्षिणेकडे आहे आणि तिची वरची कड जमिनीपासून २ मीटरवर आहे. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवशी, भर दुपारी, ऊन खोलीत किती आत येईल?

मुंबई (१९ अंश उत्तर): सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७.५ अंश वर. ऊन सुमारे १.८ मीटर आत.

न्यू जर्सी (४० अंश उत्तर): सूर्य सुमारे २६.५ अंश वर. ऊन सुमारे ४ मीटर आत.

स्केयन (५७.७ अंश उत्तर): सूर्य जेमतेम ८.८ अंश वर. ऊन सुमारे १३ मीटर आत!

तेरा मीटर लांबीची खोली कुणाच्या घरी असते? म्हणजे स्केयनला हिवाळ्यातले दुपारचे ऊन समोरच्या भिंतीवर चढणारच. उन्हाळ्यात तिथे दुपारी सूर्य बराच वर असतो, पण सकाळी आणि संध्याकाळी तो तासन्‌तास खाली रेंगाळतो आणि भिंती रंगवून काढतो. आनाला तिच्या गावाने असा उजेड दिला होता. पण उजेड गावातल्या सगळ्यांनाच मिळाला होता. तो बघत बसण्याचे काम तिने केले.

(हिशेब असा: ९० मधून अक्षांश वजा करा, मग २३.५ वजा करा. हा सूर्याचा कोन. खिडकीच्या उंचीला त्या कोनाच्या टॅनने भागा. ज्यांना टॅन अजून आलेला नाही त्यांनी कागदावर कोनमापकाने आकृती काढून मोजावे, उत्तर तेच येईल.)

घरातली माणसे

आनाचा नवरा मिकाएल बाहेरची चित्रे काढी. वादळ, होड्या, तेलकट कोट घातलेले धिप्पाड कोळी, बुडणाऱ्या जहाजाकडे धावणारी माणसे. ती चित्रे पाहून छाती भरून येते. पण वादळातून होडी परत आली नाही तर घरात काय होते? ते आनाने काढले. १८९१ सालच्याच 'अंत्ययात्रा' ह्या चित्रात खोलीच्या मध्यावर शवपेटी आहे आणि भोवती काळ्या कपड्यांतले गावकरी उभे आहेत. कुणी छाती बडवत नाही. ही सगळी तिची शेजारपाजारची माणसे. त्यांना तिने लहानपणापासून पाहिले होते.

१८८३ साली तिने एका आंधळ्या बाईचे चित्र काढले. म्हातारी आपल्या खोलीत बसली आहे आणि खोलीत ऊन आले आहे. तिला ते दिसत नाही, आपल्याला दिसते. ह्या चित्रापुढे मोठी माणसेसुद्धा गप्प होतात.

१८८३ ते ८६ ह्या काळात तिने स्वयंपाकघरातल्या मोलकरणीचे चित्र काढले. लाल परकर, पाठमोरी बाई, हाताशी काम आणि खिडकीच्या पिवळ्या पडद्यातून झिरपणारे ऊन. राण्यांच्या चित्रांना जो मान मिळतो तोच इथे स्वयंपाकघराला मिळाला आहे. १८९९ सालचे एक चित्र तुम्हाला नक्की आवडेल. त्यात गावातल्या बाळांना लस टोचली जाते आहे आणि आया आपापली पाळी येण्याची वाट पाहत आहेत. १९०५ साली तिने पिकलेल्या शेतातून कापणीला निघालेली तीन माणसे काढली. इथे ती घराबाहेर पडली, पण ऊन तेच.

तिने आपल्या आईची चित्रे वारंवार काढली. आई म्हातारी होत गेली तशी चित्रेही होत गेली.

पुढे काय झाले

आना काही फक्त गावात बसून राहिली नाही. १८८९ साली ती काही महिने पॅरिसला गेली आणि प्युव्ही द शाव्हान ह्या मोठ्या चित्रकाराकडे शिकली. त्या वेळी तिला लहान मुलगी होती आणि देशात नावही झाले होते. तरी शिकायला गेली. पॅरिस बघून ती परत आली आणि पुन्हा आईच्या खोलीतच चित्र काढू लागली. निळी खोली त्यानंतरचीच आहे.

१९१३ साली तिला डेन्मार्कच्या राजाकडून कलेसाठीचे मानाचे पदक मिळाले. उतारवयात तिची चित्रे आणखी साधी झाली. माणसे निघून गेली, सामानही कमी झाले. काही चित्रांत उरली नुसती भिंत आणि तिच्यावरचे संध्याकाळचे ऊन.

मिकाएल १९२७ साली वारला, आना १५ एप्रिल १९३५ रोजी. हेल्गाही चित्रकार झाली. तिने आई-वडिलांचे घर होते तसे जपले. १९६४ साली तिच्या निधनानंतर ते एका न्यासाकडे गेले आणि १९६७ पासून ते संग्रहालय म्हणून सर्वांना खुले आहे. गावातले मोठे कलासंग्रहालय मात्र त्याहून जुने. त्याची स्थापना १९०८ साली झाली, आणि कुठे, तर ब्रोंडुमांच्या त्याच जेवणघरात!

डेन्मार्कच्या हजार क्रोनच्या नोटेवर आना आणि मिकाएल ह्या दोघांचेही चेहरे होते. ही नोट ३१ मे २०२५ नंतर चलनातून बाद झाली. नोटा बाद होतात. चित्रे राहतात. २०१३ साली आनाची चित्रे आपल्याकडे वॉशिंग्टनला स्त्री-कलाकारांच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली होती, आणि २०२० साली कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तिचे मोठे प्रदर्शन भरवले.

आपल्यासाठी

स्केयनच्या प्रसिद्ध चित्रकारांमध्ये एकटी आनाच त्या गावात जन्मलेली आणि वाढलेली. बाकीचे पाहुणे. पाहुण्याची नजर वाईट असते असे नाही. पाहुण्याला सगळे नवे दिसते, म्हणून तो खूप बघतो. क्रॉयरने जे निळे समुद्रकिनारे पाहिले ते गावकऱ्यांनी कदाचित कधी मान वर करून पाहिलेही नसतील. पण पाहुणा बाहेरून बघतो. आतल्या खोलीत त्याला कोण नेणार?

घरच्या माणसाला आतली खोली मिळते, पण त्याला एक धोका असतो. रोजचेच म्हणून ते त्याला दिसेनासे होते. आनाचे मोठेपण मला इथे दिसते. ती घरची होती आणि तरी तिला रोजचे दिसत राहिले.

मुलांनो, आम्ही आई-बाबा ह्या देशात त्या पाहुण्या चित्रकारांसारखे आलो. पहिला बर्फ पडला तेव्हा आम्ही फोटो काढकाढून घरी पाठवले. तुम्ही इथले. तुम्हाला बर्फ म्हणजे फावडे आणि शाळेला सुट्टी. उलट सुट्टीत तुम्ही पुण्याला, साताऱ्याला, ठाण्याला जाता तेव्हा पाहुणे तुम्ही असता. रिक्षाचा फोटो काढता, रस्त्यातल्या म्हशीचा काढता. तेव्हा आजीला मात्र आपल्या स्वयंपाकघरात फोटो काढण्यासारखे काही दिसत नाही.

म्हणजे आपल्याकडे दोन्ही नजरा आहेत. ह्या वेळी आजीच्या घरी गेलात तर म्हशीचा फोटो जरूर काढा. पण एकदा दुपारी, सगळे झोपलेले असताना, आजीच्या खोलीत जाऊन नुसते बसा. ऊन कुठून येते आणि कुठे पडते ते पाहा. आणि जे दिसेल ते मराठीत सांगा, कारण त्या खोलीतल्या वस्तूंची नावे मराठीत आहेत. देव्हारा, फडताळ, कोनाडा, उंबरा. त्या खोलीच्या आत जायचे तर ह्या शब्दांतूनच जावे लागते.

शब्दार्थ

कवडसा: फटीतून किंवा खिडकीतून घरात पडलेला उन्हाचा तुकडा
तिरीप: उन्हाची तिरकी रेघ
पुळण: समुद्रकाठची वाळूची जागा
खानावळ: पैसे देऊन जेवण्याची जागा, इथे राहण्याचीही सोय होती
चित्रकर्ती: चित्र काढणारी स्त्री
तावदान: खिडकीची काच
फडताळ: भिंतीतले कपाट
कोनाडा: वस्तू ठेवण्यासाठी भिंतीत केलेली चौकोनी जागा
हाकेच्या अंतरावर: हाक मारली तर ऐकू येईल इतके जवळ
तारांबळ उडणे: घाईगडबडीत गोंधळून जाणे

व्याकरणाची गंमत

आपण 'ऊन' म्हणतो, पण 'उनात' नाही, 'उन्हात' म्हणतो. मधेच 'ह' येतो आणि 'ऊ' चा 'उ' होतो. म्हणून पाहा: उन्हाचा, उन्हाला, उन्हाळा. तसेच 'कवडसा' चे 'कवडशात', 'कवडशाने'. 'स' चा 'श' झाला.

मराठीत ऊन 'पडते'. आणखी काय काय पडते? पाऊस पडतो, बर्फ पडतो, स्वप्न पडते, प्रश्न पडतो, आणि रांगेत धक्काबुक्की केली तर आपणही पडतो. आणखी तीन शोधा.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रंगाच्या नळीमुळे चित्रकारांची काय सोय झाली?
(आ) आनाला अकादमीत का जाता आले नाही?
(इ) गुरूंनी आनाला कोणता सल्ला दिला असे सांगतात? तुम्ही तिच्या जागी असता तर त्यांना काय उत्तर दिले असते?

२. 'निळ्या खोलीतले ऊन' ह्या चित्रात हेल्गाचा चेहरा नीट दिसत नाही. तो दिसला असता तर चित्रात काय बदलले असते? वर्गात चर्चा करू.

३. कवडशाची वही. येत्या रविवारी घरातली उन्हाची एक खोली निवडा. सकाळी ९, दुपारी १२ आणि दुपारी ३ वाजता कवडसा कुठे आहे तिथे चिकटपट्टी लावा. (भिंतीचा रंग निघणार नाही अशी पट्टी घ्या, नाहीतर वर्गाला येण्याआधीच बोलणी खाल.) खिडकीपासूनचे अंतर मोजा आणि वहीत लिहा. मग त्या कवडशावर पाच वाक्ये लिहा. 'छान' आणि 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत.

४. आई-बाबांसाठी. तुम्ही लहान होता त्या घरात कवडसा कुठे पडत असे? किती वाजता? त्यात कोण बसत असे? मुलांना दहा मिनिटे सांगा, आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. मुलांनी ते लिहून किंवा रंगवून पुढच्या वर्गाला आणावे.

चित्रे भिंतीवर लावू. वार्तापत्रात छापणार नाही, कारण तुम्हाला माहीतच आहे: झेरॉक्सच्या यंत्राला निळा काय आणि पिवळा काय.